बाबा, अंगाच्या उष्णतेवर मोबाईल चार्ज होत नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगवाल्या काकांचा मेसेज आला होता. माझं 'मोबाईल चार्ज करणारं प्लास्टिक' बाजारात कधी येणार, असं विचारत होते. हे त्यांना कुणी सांगितलं असेल ते मला बरोबर कळलं. तुमचा अभिमान डोक्यावर, पण उद्या अख्खी इचलकरंजी विचारायला लागेल, त्याआधी हिशेब मांडते.

आमचं प्लास्टिक दोन बाजूंच्या तापमानातल्या फरकावर वीज बनवतं. कातडीचं तापमान साधारण 34 अंश, खोलीतली हवा 22. एवढ्याशा फरकावर यंत्र कितीही आदर्श असलं तरी उष्णतेतला चार टक्क्यांहून कमी भाग विजेत बदलतो. त्यापुढे निसर्गच जाऊ देत नाही. आमचं चांगल्यातलं चांगलं प्लास्टिक त्या चार टक्क्यांतलाही विसावा हिस्सा जेमतेम मिळवतं. त्यात आमचा थर इतका पातळ असतो की त्याच्या दोन बाजूंत खरा फरक अंशभराचाच उरतो. मोबाईलला काही वॅट लागतात, आमची पट्टी मायक्रोवॅट देते, म्हणजे वॅटचे दहा लाखावे भाग. एखादा छोटा सेन्सर त्यावर चालेल. इथे स्वीडनमध्ये घरोघरी गरम पाण्याचे पाइप फिरवलेले असतात, त्यांच्यावर चिकटवून बॅटरीशिवाय चालणारा सेन्सर करता आला तर मला खूप झालं. काकांना एवढंच सांगा.

आई, तू विचारलं होतंस की प्लास्टिकमधून वीज जातेच कशी. बाकीच्या प्लास्टिकमधून नाही जात. पण काही पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या लांबलचक रेणूंच्या, साखळीत कार्बनचे एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात. त्यातून एखादा इलेक्ट्रॉन काढून घेतला किंवा वरून एक घातला, की साखळीतून विद्युतभार धावू लागतो. हे 1977 साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी दाखवलं, त्याबद्दल त्यांना 2000 साली नोबेल मिळालं. आता अशा पट्टीचं एक टोक गरम आणि दुसरं गार ठेवलं, तर भार गार टोकाकडे सरकतात आणि दोन टोकांमध्ये व्होल्टेज तयार होतं. हे तत्त्व 1821 पासून माहीत आहे आणि व्हॉयेजर यानं अजून त्यावरच चालतात. यात हलणारा एकही भाग नाही, त्यामुळे बाबा, माग दुरुस्त करणारा जॉबर लागत नाही.

आजवर या कामाला बिस्मथ टेल्युराइड वापरतात. पदार्थ उत्तम आहे, पण टेल्युरियम सोन्या-प्लॅटिनमच्या रांगेतलं दुर्मीळ, आणि पदार्थ ठिसूळ. प्लास्टिक छापता येतं, वाकवता येतं आणि उष्णता फारशी वाहू देत नाही, म्हणजे गरम टोक गरमच राहतं. अडचण अशी की भार वाढवले की वीज भरपूर वाहते, पण व्होल्टेज पडतं. या सगळ्याचा मिळून एक आकडा काढतात, झेडटी; तो जितका मोठा तितका पदार्थ चांगला. बिस्मथ टेल्युराइडचा तो 1 च्या आसपास असतो. आमच्याच नॉरशॉपिंगच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी 2011 मध्ये पेडॉट नावाच्या पॉलिमरचा तो 0.25 वर नेला, तेव्हा या क्षेत्राकडे लोक गंभीरपणे बघायला लागले.

पेडॉट झाला पी जातीचा, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेतलेला. उपकरणात पी आणि एन अशा दोन्ही पट्ट्या जोडीनं लागतात, आणि घोडं अडतं ते एनवर. तिथे साखळीत जादा इलेक्ट्रॉन घालून ठेवायचा असतो, आणि हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा तो पळवतात. मी दिवसभर जे करते ते हेच: साखळीच्या कड्यांवर कार्बोनिल, नायट्रोजन, फ्लोरिन असे इलेक्ट्रॉन ओढून धरणारे गट कुठे बसवले तर तो इलेक्ट्रॉन हवेतही टिकेल, आणि तरीही साखळी सपाट राहील, हे ठरवायचं. कागदावर रेणू काढते, गणित करते, मग बनवते. बहुतेक वेळा रेणू सुंदर दिसतो आणि कशातच विरघळत नाही.

विरघळावा म्हणून साखळीला बाजूनं लांब शेपट्या लावतात. बाबा, ही अगदी तुमची खळ. खळीशिवाय सूत मागावर चढत नाही, आणि कापड झाल्यावर तीच धुऊन काढावी लागते. शेपट्यांशिवाय शाई होत नाही, छपाई होत नाही, आणि थर वाळला की त्याच शेपट्या साखळ्यांच्या मध्ये अंग पसरून बसतात आणि वीज अडवतात. खळ धुता येते. शेपट्या काढायला थर तापवावा लागतो, आणि त्या निघताना थराची घडीही विस्कटू शकते. बीबीएल नावाच्या पॉलिमरला शेपट्याच नाहीत, तो शिडीसारखा सरळसोट, पण पूर्वी त्याला जहाल आम्ल लागायचं. 2021 मध्ये इथल्याच गटानं दुसरं एक पॉलिमर मिसळून त्याची अल्कोहोलमध्ये टिकणारी शाई केली. पुढच्या वर्षी ग्वांगझूच्या लोकांनी तर एक असा एन पॉलिमर दाखवला की त्याची वाहकता चांगल्या पेडॉटच्या बरोबरीला आली. तो पेपर वाचून मला आनंद झाला आणि झोपही उडाली.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. मी इथली मुदत दोन वर्षांनी वाढवून मागितली आहे. पी तयार आहे, एन आत्ता कुठे हाताशी येतोय, आणि या टप्प्यावर सोडून यायचं मला पटत नाही. आई, लग्नाच्या विषयाचं उत्तरही यातच आलं असं समज आणि मावशीला तूच सांग.

बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. नॉरशॉपिंगही एके काळी गिरण्यांचंच गाव, त्यालाही स्वीडनचं मँचेस्टर म्हणत. नदीकाठच्या त्या इमारतींमध्ये आता विद्यापीठ आहे, आणि माग चालवलेला माणूस विचारायला सापडत नाही. आम्ही रेशमाच्या धाग्यावर पेडॉट चढवतो, पण विणताना फणीत घासून थर निघतो. सायझिंगला तुम्ही खळीत मेण कधी आणि किती घालायचात? घासणाऱ्या सुताला ताण कमी ठेवायचात की फणी बदलायचात? मेणानं वीज अडेल ही धास्ती आहेच, पण आधी मला तुमची पद्धत हवी. काकांनाही विचारा, ते खूश होतील. आणि कागदावर लिहून फोटो पाठवा; फोनवर तुम्ही दोन मिनिटांत माझ्या पगारावर येता.

तुमची,
मोठी