अंधार देणाऱ्यांचे आभार

कोल्हापूरच्या रंकाळ्यावर रोलमधले शेवटचे, 36 वे छायाचित्र टिपल्यावर मी माझ्या जुन्या पेंटॅक्स के१००० कॅमेऱ्याचा फिल्म पुढे सरकवणारा लिव्हर जोराने ओढला आणि फिल्म डबीतून सुटली; आता ती परत डबीत गुंडाळता येईना. उजेडात झाकण उघडले असते, तर सारा रोल वाया गेला असता. अशा वेळी महाद्वार रोडवरील ज्या कापड दुकानदारांनी भर गर्दीत आपली बिनखिडकीची खोली मला दिली, दाराच्या फटीत घोंगडीही कोंबली, आणि ज्या वयस्कर गृहस्थांनी फिल्म केवळ कडेने धरण्याची सूचना बाहेरून केली, त्या दोघांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. 1976 साली बाजारात आलेल्या या कॅमेऱ्यात बॅटरी फक्त प्रकाशमापकाला लागते, बाकी सारे यांत्रिक; दोष माझ्या घाईचाच होता. नावे विचारायची राहून गेली. रोल धुऊन आला असून सर्व चित्रे शाबूत आहेत.