केमो डे केअरच्या सिस्टर, तुमचे आभार मानायचेत

सिस्टर, नाव लिहीत नाही कारण तुम्हाला ते आवडणार नाही, पण वाचलंत तर कळेलच. आईच्या मोठ्या आतड्याचा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलाय म्हटल्यावर केमोच्या जोडीला बेवासिझुमॅब नावाचं औषध सुरू केलं आणि घरात कोणालाच धड कळेना की हे केमो नाही तर मग आहे काय. तुम्ही सलाईनचा स्पीड सेट करता करता आईलाच सांगितलंत, की गाठीला एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायचं तर स्वतःचा रक्तपुरवठा लागतो, मग ती व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन सोडते आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांना तिकडे फांद्या फुटतात, चोरून नळजोड घेतात ना तसं, आणि हे औषध त्या व्हीईजीएफलाच धरून ठेवतं. आईला लगेच पटलं. फक्त याने गाठ मरत नाही म्हणून सोबत केमो, आणि पुढेमागे ती दुसरी वाट काढू शकते, हेही तुम्ही लपवलं नाहीत, त्याबद्दल तर खूपच आभार.

घरी येऊन मी वाचत बसले. ज्युडा फोकमन या अमेरिकन सर्जननी 1971 मध्ये गाठीचा रक्तपुरवठाच रोखायचा हा विचार मांडला तेव्हा फार थोड्या लोकांना तो पटला होता, आणि आईला मिळतंय ते औषध अमेरिकेत मंजूर झालं 2004 मध्ये! केवढा धीर धरला असेल त्या माणसाने.

पण सगळ्यात मोठे आभार दाताचे. आई गाल धरून बसलेली तुम्हाला दिसली, विचारलंत, तर ती म्हणाली उद्या दाढ काढायची आहे. तुम्ही हातातलं काम ठेवून डॉक्टरांना फोन लावलात. जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्याच लागतात, त्या हे औषध होऊ देत नाही, रक्तस्राव होऊ शकतो, जबड्याचं हाडही खराब होऊ शकतं, हे आम्हाला कुठून माहीत असणार? डॉक्टरांनी औषधाला गॅप दिला, मग दाढ काढली, आणि जखम व्यवस्थित भरली.

दर वेळी आधी बीपी आणि लघवीतलं प्रोटीन का बघता तेही तुमच्यामुळेच कळलं, आता आई स्वतःच विचारते, रिपोर्ट बघितला का म्हणून. बीपीची वही रोज लिहितोय, पुढच्या डोसला घेऊन येते. मनापासून थँक्यू सिस्टर.