छापील अक्षरापलीकडची हौसा

महोदय,

नायजेरिया आणि नायजरमध्ये कोट्यवधी लोक बोलत असलेल्या हौसा भाषेच्या अभ्यासाला अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ पॉल न्यूमन यांनी आयुष्य वाहिले, याची दखल मराठीत क्वचितच घेतली जाते. हौसा ज्या चाड भाषागटात मोडते, त्याच गटातील टेरा या छोट्या भाषेचे व्याकरण त्यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केले. हौसाचे ७०० हून अधिक पानांचे व्याकरण २००० साली आले. हौसाच्या रूढ रोमन लेखनात सूर (शब्दाचा अर्थ बदलू शकणारा आवाजाचा चढउतार) आणि स्वरांची दीर्घता दाखवली जात नाही, त्यामुळे छापील मजकुरावर विसंबून हे काम झालेच नसते (आपले ऱ्हस्व-दीर्घाचे वाद मात्र कागदावरच रंगतात). ‘गिदा’ म्हणजे घर, अनेकवचन ‘गिदाजे’. पण इतर नामांची अनेकवचने कितीतरी निराळ्या तऱ्हांनी होतात, आणि तो सारा पसारा न्यूमन यांनी चिकाटीने मांडला आहे.

– एक वाचक, सातारा