भिंतीवरचा बिबट्या: इंग्लंडहून घरी पत्र

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचं पहाटेचं फिरणं बंद झाल्याचं आई फोनवर म्हणाली. दादाने ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ मीही पाहिला. सोसायटीच्या कंपाउंडवरून काहीतरी चालत जातं, मागून कुणीतरी "बिबट्या, बिबट्या" ओरडतं आणि काही सेकंदांत सगळं संपतं. फोनवर नीट बोलणं झालं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. "काही नसतं हो" असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे बिबट्या आहे, आणि त्याने माणसं गेलेल्या घरांचं दुःख खरं आहे. म्हणूनच तो व्हिडिओ खरा की खोटा, हे कुणीतरी तपासायला हवं असं मला कळकळीने वाटतं.

मी राहते त्या डेव्हनमध्ये हा विषय फार जुना आहे. ब्रिटनच्या रानात बिबट्या मुळात नाही. तरीही काळं, लांब शेपटीचं मोठं जनावर दिसल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं पोलिसांकडे येतात. लोक त्याचं मूळ 1976 च्या कायद्यात शोधतात. त्याआधी इथे हौस म्हणून प्यूमा (अमेरिकेतलं मांजरकुळातलं मोठं जनावर), बिबटे पाळणारे लोक होते. कायद्याने परवाना सक्तीचा केला, तेव्हा काहींनी जनावरं गुपचूप रानात सोडली, असं सांगतात. हे सगळंच हसण्यावारी नेण्यासारखंही नाही. 1980 मध्ये स्कॉटलंडमधल्या कॅनिक गावाजवळ एका शेतकऱ्याच्या पिंजऱ्यात खरोखरची प्यूमा सापडली होती. 2001 मध्ये तर लंडनच्या क्रिकलवुड या भरवस्तीत एक लिंक्स, म्हणजे मोठ्या रानमांजराची एक जात, सापडली आणि प्राणिसंग्रहालयाच्या लोकांनी बेशुद्ध करून तिला नेलं. त्यामुळे "मी पाहिलं" म्हणणाऱ्याला वेड्यात काढू नये, या मताची मी आहे.

पण ऐकून घेणं वेगळं आणि मानून घेणं वेगळं. शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये बॉडमिन मूर नावाचा माळ आहे. तिथल्या कथित श्वापदाची 1995 मध्ये सरकारने रीतसर चौकशी केली. त्यांची पद्धत मला फार आवडली. फोटो आणि व्हिडिओ जिथे काढले होते, नेमक्या त्या जागी अधिकारी गेले. जनावर ज्या भिंतीवर किंवा खांबावर दिसत होतं, तिथे मोजपट्टी धरली आणि तिथूनच पुन्हा चित्रण केलं. मग दोन्ही चित्रं शेजारी ठेवल्यावर ते अक्राळविक्राळ जनावर बरेचदा घरच्या मांजराएवढंच भरलं. मोठं जनावर तिथे असल्याचा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही, असा अहवाल आला. मोठं जनावर नाहीच, असं मात्र त्यांनीही म्हटलं नाही, आणि हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो.

अहवालानंतर थोड्याच दिवसांत तिथल्या फॉय नदीत एका मुलाला भलीमोठी कवटी सापडली. झालं, पुन्हा गदारोळ! लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने ती तपासली. कवटी खरंच बिबट्याची होती, तरुण नराची. पण मागची बाजू कापलेली होती, मुंडक्यासकट कातड्याचा गालिचा बनवताना कापतात तशी. आत एका उष्णकटिबंधीय झुरळाची अंड्यांची पिशवीही निघाली, आणि ते झुरळ ब्रिटनमध्ये आढळतच नाही. म्हणजे ही कवटी परदेशातून कुणाच्या तरी दिवाणखान्यात आलेली. पुरावा हातात होता, तोही अस्सल, तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला असता.

हे फक्त खेड्यापाड्यांत घडतं असंही नाही. जुलै 2023 मध्ये बर्लिनच्या दक्षिण टोकाला सिंहीण फिरते आहे, असा एक व्हिडिओ पसरला. शेकडो पोलीस, हेलिकॉप्टर, ड्रोन, लोकांना घराबाहेर पडू नका असा इशारा. दुसऱ्या दिवशी तिथल्या क्लाइनमाखनो गावच्या महापौरांनी जनावराच्या पाठीची ठेवण चित्रांतून समजावली. ते बहुधा रानडुक्कर होतं.

इथे अफवा ठरली तर पोलिसांचा दिवस वाया जातो. आपल्याकडे ती महागात पडते. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले भागात, उसाच्या शेतांत आणि वस्त्यांच्या आसपास राहणाऱ्या बिबट्यांचा अभ्यास केला. शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच बिबटे निघाले. त्यांचं खाणं मुख्यतः पाळीव जनावरं, त्यातही सगळ्यात जास्त कुत्री. म्हणजे रात्री बिबट्या वस्तीजवळून जातो, ही तिथली रोजची गोष्ट, आणि बहुतेक वेळा कुणाला पत्ताही लागत नाही. जुन्नरचा अनुभव तर सगळ्यांनी वाचावा असा आहे. 1993 ते 2001 या काळात तिथे वर्षाला सरासरी चार हल्ले होत. 2001 पासून बिबटे पकडून दुसरीकडच्या जंगलात सोडण्याचा धडाका लागला आणि सरासरी सतरावर गेली. ओळखीचा मुलूख सुटलेलं जनावर बिथरतं, आणि रिकाम्या जागी दुसरं येतं. लोक घाबरले की पहिली मागणी पिंजऱ्याची होते, आणि पिंजऱ्यात हल्ला करणाराच बिबट्या अडकेल याची खात्री नसते. जिथे खरोखर हल्ला झाला आहे, तिथे पिंजरा लागलाच पाहिजे. पण भलत्याच व्हिडिओपायी वनखात्याची माणसं आपल्या गल्लीत टॉर्च मारत बसली, तर ज्या वस्तीत खरी गरज आहे तिथे ती कमी पडतात. हा विचार मला सारखा छळतो.

दादाला माझं हे काम सांगा. उजेडी त्या भिंतीची उंची टेपने मोजायची आणि व्हिडिओ काढणारा जिथे उभा होता, तिथूनच फोटो काढायचा. मूळ व्हिडिओ कुणी काढला, कधी, हे विचारायचं. फॉरवर्ड करणाऱ्याचं नाव नको. हल्ली असं चित्रण यंत्राकडून बनवूनही घेता येतं. भिंतीखाली ओली माती असेल तर ठसे बघायचे. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, त्यामुळे ठशात सहसा नखं उमटत नाहीत, आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन गोलसर फुगवटे दिसतात. कुत्र्याची आणि तरसाची नखं उमटतात. ठशाशेजारी पट्टी ठेवून फोटो घ्यायचा, आणि शंका आली तरी वनखात्याच्या 1926 या नंबरवर कळवायचं. झुडपात कुणी दगड मारत शिरू नये. गर्दीने कोंडलेला बिबट्या अंगावर येतो.

बाबा, फिरणं सोडू नका, फक्त उजाडल्यावर निघा आणि बरोबर कुणीतरी असू द्या. आई, कोपऱ्यावरचा कचरा रोज उचलायला लावा, तो साचला की कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. अंधार पडल्यावर पोरांना एकटं बाहेर पाठवू नका.

मोजमापं आणि फोटो दादाने पाठवले, की मी व्हिडिओतलं चित्र थांबवून त्या जनावराची उंची काढते आणि रविवारी फोनवर सांगते. तोवर तो व्हिडिओ पुढे कुणाला पाठवू नका.

तुमची,
मेधा