ब्राझीलचा धडा आणि आपले सोयाबीन

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. दहावीचे भूगोलाचे सबंध पुस्तक भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवर बेतलेले आहे, पण औशाच्या शिवारातल्या माणसांना ब्राझीलशी काय करायचे, असे तू विचारले आहेस. प्रश्न रास्त आहे. 'फरक स्पष्ट करा'साठी गाइडमधला तक्ता पाठ केला, तर त्या देशाशी आपले खरोखरच काही देणेघेणे उरत नाही.

परंतु हवामानाचे प्रकरण आणि अर्थव्यवस्थेचे प्रकरण शेजारी ठेवून वाच. ब्राझीलचा बहुतेक भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे, दसऱ्याच्या सुमारास आपल्याकडे सोयाबीनची रास चालू असते तेव्हा तिकडे पेरणी सुरू झालेली असते आणि त्यांचा माल जानेवारीपासून पुढे बाजारात येऊ लागतो. म्हणजे दिवाळीनंतर भाव चढेल या आशेने कट्टे घरात ठेवणारा शेतकरी, त्याला माहीत असो वा नसो, तिकडच्या पावसावरही डोळे लावून बसलेला असतो. शिवाय आपला देश पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून आणि सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून आणतो. त्यावरील आयात शुल्क कमी झाले किंवा परदेशी पेंड स्वस्त झाली, की लातूरच्या आडतीवर त्याचा परिणाम जाणवतो.

ब्राझील या पिकात एवढा पुढे गेला कसा, हे पाहण्याजोगे आहे. 1973 मध्ये देशातील भाव भडकले म्हणून अमेरिकेने सोयाबीनची निर्यात काही काळ रोखली. अमेरिकी मालावर विसंबून असलेल्या जपानने त्यानंतर दुसरा पुरवठादार शोधण्यास सुरुवात केली आणि पुढे ब्राझीलमधील सेराडो या विस्तीर्ण गवताळ पट्ट्यातील शेतीला पैसा पुरवला. तेथील माती आम्लधर्मी. तिच्यात चुना मिसळून आणि विषुववृत्ताजवळच्या लहान दिवसांतही नीट वाढतील असे वाण काढून तिथे सोयाबीन उभे राहिले. या संशोधनात 1973 मध्येच स्थापन झालेल्या एम्ब्रापा या सरकारी संस्थेचा मोठा वाटा आहे. आता बघ, यात नववीच्या विज्ञानातले आम्ल-आम्लारी आहे, राज्यशास्त्रातले परराष्ट्र धोरण आहे आणि भूगोलातले अक्षांश तर आहेतच. शाळेच्या वेळापत्रकात मात्र हे तास वेगवेगळ्या वारी येतात आणि त्यांची गाठ घालून देणे बहुधा कोणाच्याच वाट्याला येत नाही. ती तुलाच घालावी लागेल.

जागतिक दृष्टिकोन हवा तर इंग्रजी माध्यम हवे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. मला तो पटत नाही. तू सहावीत सातवाहन शिकलीस. त्यांच्या काळातील, म्हणजे पहिल्या शतकातील, 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणबरोबरच आपल्या शेजारच्या तेरचे नाव तगर असे आले आहे आणि तेथील कापड भडोच बंदराकडे गाड्यांतून जात असल्याची नोंद आहे. कापड विणणाऱ्यांना ते पुढे कुठे जाते हे कितपत ठाऊक होते, कोण जाणे.

दिवाळीत येताना नकाशासंग्रह सोबत आण. यंदा निम्मे सोयाबीन ठेवावे की सगळे विकावे, याबद्दल तुझे मत मला हवे आहे, आणि तेही भौगोलिक कारणांसह. आईचा आग्रह सगळे विकण्याचा आहे, तेव्हा तयारीने ये.

तुझे
बाबा