चुंबळीचा आकार पुस्तकात का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीच्या भूमितीत महत्त्वमापनाचा धडा आहे. घन, इष्टिकाचिती, वृत्तचिती, शंकू, गोल, सगळे त्यात आहेत. तो धडा मी बरीच वर्षं शिकवला. पण मेदूवडा, सायकलची ट्यूब, मैदानावरची रबरी रिंग ज्या आकाराची, त्या आकाराला तिथे जागा नाही. शास्त्रात त्याला टोरस म्हणतात. मुलं सरळ डोनट म्हणतात.

मला तो पहिल्यांदा भेटला आईच्या डोक्यावर. जुन्या लुगड्याच्या पट्टीला पीळ देत, शेवटचं टोक आत खोचून ती चुंबळ वळायची. डोकं गोल, घागरीचं बूडही गोल. गोलावर गोल ठरत नाही, मधे चुंबळ आली की ठरतो. १५ व्या शतकात इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये पुरुषांच्या शिरोभूषणातही असंच कडं असे, त्याला मात्सोक्यो म्हणत. पाओलो उच्चेल्लो या चित्रकारानं त्याचे असंख्य पैलू पाडून ते यथादर्शनानं, म्हणजे कागदावर खोली दिसेल अशा रीतीनं, रेखाटलं. आजच्या संगणकावरच्या जाळीदार आकृतीसारखंच दिसतं ते!

वर्गात मी एकदा न सोललेला नारळ नेला आणि त्याचे धागे विंचरून सपाट बसवायला सांगितलं. कुठेतरी भोवरा राहतोच. पूर्ण गोलावर तो टाळता येत नाही, हे गणितानं सिद्ध झालं आहे. मग जुन्या ट्यूबवर सुतळीचे धागे चिकटवले. ते सगळे एका दिशेनं बसले, भोवरा कुठेच नाही. मुलं कितीतरी वेळ ट्यूब फिरवून तो शोधत होती.

हलक्या अणूंची केंद्रकं जोडून ऊर्जा मिळवण्यासाठी प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, कोंडून ठेवणारं टोकामाक यंत्र कड्याच्या आकाराचं असतं, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतलं 'आदित्य' तसंच, आणि फ्रान्समध्ये उभं राहणारं 'ईटर'ही. त्यात भारत भागीदार आहे. तिथे प्लाझ्मा सुमारे १५ कोटी अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा आहे. त्याला धरून ठेवायचं चुंबकीय बलरेषांनी. गोल पृष्ठभागावर त्या रेषा बसवल्या तर कुठेतरी भोवरा पडणार आणि प्लाझ्माला निसटायला वाट मिळणार. कड्यावर तसा भोवरा पडायलाच हवा असं नाही.

मोबाइलवरच्या जुन्या खेळात पडद्याच्या उजवीकडे शिरलेला साप डावीकडून निघायचा, वर गेलेला खालून. तोही टोरसच. रबराच्या चौकोनाच्या समोरासमोरच्या कडा जोडा: आधी नळी होते, मग कडं.

घनफळ अवघड म्हणून हा आकार गाळला असेल, तर तसंही नाही. छेदाचं क्षेत्रफळ गुणिले मध्यवर्तुळाचा परीघ, बस्स. कडं कापून सरळ केल्यावर वृत्तचितीचं यावं तेवढंच उत्तर येतं, कारण बाहेरच्या बाजूला जे जास्त भरतं तेवढंच आतल्या बाजूला कमी पडतं.

पाठ्यपुस्तक बदलेल तेव्हा बदलो. आपल्या मुलांच्या पुरवणीत निदान एक पान या आकाराला द्यावं, आणि चुंबळ कशी वळायची तेही चित्रांसकट छापावं. वळून दाखवणाऱ्या बायका गावोगाव अजून आहेत.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका