जयशंकर साहेब, शेजारच्या देशात एकाच नेत्यावर किती विसंबायचं?

मा. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर साहेब,
सप्रेम नमस्कार.

युरोपवाल्यांना तुम्ही सुनावलं की क्लिप लगेच सगळ्या ग्रुपवर फिरते, आवडतं आम्हाला ते. पण युक्रेन, गाझा आणि ट्रम्प यांचं टॅरिफ जरा बाजूला ठेवूया, आज शेजाऱ्यांबद्दल बोलायचंय.

२०२१ मध्ये आधी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली, मग काबूल पडलं. २०२२ ला श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया पळाले, २०२४ ला बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळात सोशल मीडियावरच्या बंदीचं निमित्त होऊन पोरं रस्त्यावर आली आणि दोन दिवसांत पंतप्रधान ओलींचं सरकार गेलं. आता हे सगळं आपल्यामुळे झालं असं कोणी शहाणा म्हणणार नाही. महागाई, बेरोजगारी, घराणेशाही, कारणं त्यांची त्यांच्याकडेच आहेत. माझा प्रश्न वेगळा आहे, सरकार पडल्यावर तिथं फोन करायला आपल्याकडे दुसरा नंबर असतो का?

बांगलादेशात नव्हता, निदान बाहेरून तरी तसंच दिसलं. २०१४ आणि २०२४, दोन्ही निवडणुकांवर तिथल्या मुख्य विरोधी पक्षाने, बीएनपीने, बहिष्कार टाकला तरी आपण हसीनांच्याच मागे उभे राहिलो. सुरक्षेच्या बाबतीत त्यांनी साथ दिली हे खरं, ईशान्येकडच्या बंडखोरांना त्यांनी थारा दिला नाही, ते विसरून चालणार नाही. पण ५ ऑगस्ट २०२४ ला त्या दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावर उतरल्या आणि तिथल्या लोकांचा त्यांच्यावरचा सगळा राग आपल्या खात्यात जमा झाला. त्यात व्हिसा जवळपास बंद झाले, उपचारासाठी भारतात येणाऱ्या साध्या माणसालाही ते मोजकेच मिळू लागले, त्याचा काय दोष होता?

बरं, आपल्याला जमत नाही असंही नाही. श्रीलंकेचे अनुरा दिसानायके यांना आपण फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्लीला बोलावलं, तेव्हा त्यांच्या आघाडीचे संसदेत फक्त ३ खासदार होते आणि त्यांच्या जेव्हीपी या डाव्या पक्षाचा भारतविरोध तर सगळ्यांना माहीत. सप्टेंबरमध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि पहिला परदेश दौरा भारताचाच केला. आधीच्या आर्थिक संकटात आपण श्रीलंकेला जवळपास ४ अब्ज डॉलरची मदत केलेली, तीही कामी आलीच. मग हेच ढाक्यात का नाही केलं?

नेपाळचं तर तुम्हाला मी काय सांगणार, सप्टेंबर २०१५ मध्ये राज्यघटना जाहीर व्हायच्या तोंडावर तुम्ही स्वतः परराष्ट्र सचिव म्हणून काठमांडूला गेला होतात. एप्रिलच्या भूकंपात आपली विमानं सगळ्यात आधी पोचली होती, आणि त्याच वर्षी राज्यघटनेवरच्या वादात सीमेवर नेपाळला जाणारे ट्रक अडकले. नाकेबंदी आपण केलीच नाही असं सरकार म्हणतं, असेलही, पण गॅस सिलिंडरच्या लाईनीत उभ्या राहिलेल्या नेपाळी माणसाला ते पटलेलं नाही आणि ओलींनी त्या रागावर २०१७ ची निवडणूक जिंकली.

म्हणून विनंती एवढीच की प्रत्येक शेजारी देशात विरोधी पक्ष, विद्यार्थी संघटना, पत्रकार यांच्याशी दूतावासाने उघडपणे बोलावं, सत्तेतल्यांना राग आला तरी. आणि राजकारण कितीही बिघडलं तरी वैद्यकीय आणि विद्यार्थी व्हिसा थांबवायचे नाहीत असा नियमच करून टाका. हे तुमच्या सहीने होण्यासारखं आहे ना?

आपला,
एक सामान्य मतदार